जात्यावरची ओवी आणि मनाचा आधार



‘कलोपचार’ हा शब्द अलीकडे आपल्या कानांवर वरचेवर येऊ लागला आहे. चित्र काढून, मातीकाम करून, गाऊन किंवा नाटकात भाग घेऊन मनावरचा भार हलका करावयाचा, आणि हे सारे त्या विषयाचे शिक्षण घेतलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करावयाचे, याला कलोपचार म्हणतात. मोठ्या शहरांतल्या इस्पितळांत आणि काही शाळांत तो चालतो. आमच्या जाफराबादेसारख्या तालुक्याच्या गावी हा शब्द उच्चारला, की ऐकणारा हसतो. म्हणतो, “सर, हे पोट भरलेल्यांचे चोचले. इथं पाऊस नाही, मालाला भाव नाही, आणि तुम्ही चित्रं काय काढायला सांगता?”

हा आक्षेप मी टाळणार नाही. बोलणे संपवण्यापूर्वी त्याला उत्तर द्यावयाचे आहे. परंतु इतिहासाचा अभ्यासक म्हणून आधी एक निराळी गोष्ट आपल्यापुढे ठेवतो. कलेच्या आधाराने मन सावरण्याची रीत आपल्याकडे परदेशांतून आलेली नाही. पोट भरलेल्यांच्या घरांतून तर ती मुळीच आलेली नाही. ती आपल्या आज्या-पणज्यांनी, ज्यांना पाटी-पेन्सिल ठाऊक नव्हती त्यांनी, शेकडो वर्षे पाळली. तिला त्यांनी उपचार म्हटले नाही. पहाटे उठून त्या दळायला बसत आणि दळताना ओव्या गात, एवढेच.

ओवी किती जुनी आहे? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आपल्या मराठवाड्याच्या सीमेपलीकडचे गाव. राजवाड्यातल्या भोजनापासून हत्तींच्या औषधांपर्यंत नाना विषय या ग्रंथात आले आहेत. गाण्यांविषयी लिहिताना राजा सांगून जातो, की महाराष्ट्रात बायका धान्य कांडताना ओवी गातात. एवढी एकच नोंद. पण आपल्या दृष्टीने ती मोलाची आहे. ज्ञानेश्वरांनी १२९० साली नेवाशाला गीतेवर भाष्य केले, त्याच्याही दीडशे वर्षे आधी घराघरांत मुसळाच्या ठेक्यावर ओवी चालू होती. ज्ञानेश्वरांनी आपला ग्रंथ ओवीत सांगितला. ग्रंथातली ओवी आणि दळणातली ओवी यांची घडण अगदी एकसारखी नाही, तरी जी चाल लोकांच्या कानांत मुरली होती तिच्याच नावाने तत्त्वज्ञान मराठीत आले, हे विसरून चालणार नाही.

आता जनाबाईंकडे वळू. जनाबाई आपल्या गोदाकाठच्या गंगाखेडच्या. लहानपणीच त्या पंढरपुरास नामदेवांच्या घरी आल्या आणि जन्मभर तेथे दासी म्हणून राबल्या. त्यांच्या नावावर असलेल्या अभंगांत विठ्ठल जनीबरोबर दळू लागतो, झाडलोट करतो, तिचे केस विंचरतो. भाविकाला यात देवाची कृपा दिसते, आणि ती त्याने जरूर पाहावी. इतिहासाच्या अभ्यासकाला आणखी एक गोष्ट दिसते. आई-बाप नाहीत, नवरा नाही, मूल नाही, घर दुसऱ्याचे. अशा बाईला दिवसभरात आपले मन बोलून दाखवायला एकच जागा उरते, ती म्हणजे जाते. तेथे ऐकणारा कोणीतरी हवा असतो. माणूस मिळाला नाही, म्हणून तिने देवाला खुंट्याला हात लावायला बसवले. दुःख सांगावयाचे तर ऐकणारा लागतो, ही खूण जनाबाईंनी आपल्याला करून दिली आहे. पुढे आपल्याला ती पुन्हा लागणार आहे.

हे जात्याजवळ बसणे नेमके कसे असे, ते तरुण श्रोत्यांसाठी सांगितले पाहिजे. आजच्या मुलांनी जाते पाहिले असेल तर लग्नात हळदीच्या वेळी. दगडाच्या दोन तळ्या, खालची स्थिर आणि वरची फिरती. वरच्या तळीला लाकडी खुंटा. एका हाताने खुंटा फिरवायचा आणि दुसऱ्या हाताने मूठमूठ ज्वारी तोंडात घालायची. घरातली माणसे उठायच्या आत दिवसाचे पीठ पडले पाहिजे, म्हणून कोंबडे आरवायच्या आधी उठायचे. काम अतिशय कष्टाचे. हाताला घट्टे पडत, खांदे भरून येत, बाळंतपणातून उठलेल्या बाईलाही ते चुकत नसे. यात रम्य असे काही होते, असे मी बिलकुल म्हणणार नाही.

परंतु या कष्टाच्या तासाला चार गोष्टी जोडलेल्या होत्या, आणि त्या चारही ध्यानात घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, वेळ आणि जागा ठरलेली. सासुरवाशिणीला दिवसभरात हक्काचा असा क्षण नसे. सासू, सासरे, दीर, नणंदा, सगळ्यांपुढे पदर सावरून गप्प राहायचे. पहाटेच्या अंधारात मात्र ती एकटी असे, फार तर समोर जाऊ बसलेली. दगडाच्या घरघरीत शब्द अर्धे झाकून जात. बोलायला आडोसा मिळे.

दुसरी गोष्ट, शरीराला ठेका. खुंटा एका गतीने फिरतो, श्वास त्याच गतीने चालतो, आणि गाणेही त्याच गतीत बसते. मन सैरभैर असले तरी हात त्याला एका चाकोरीत धरून ठेवतात.

तिसरी गोष्ट, तयार साचा. ओवी दोन-चार चरणांची. चाल ठाऊक, शेवटच्या जुळणीची ओळख झालेली. ज्या बाईला कधी अक्षर गिरवायला मिळाले नाही तिलाही त्यात आपले चार शब्द बसवता येत. आईच्या तोंडची ओवी घ्यायची, भावाचे नाव घालायचे, आपल्या गावाचे नाव घालायचे, झाली आपली ओवी. ती चांगली जमली की नाही, हे विचारणारा तेथे कोणी नव्हता. परीक्षा नव्हती, टाळ्याही नव्हत्या.

चौथी गोष्ट, झाकून सांगण्याची सोय. ‘मला या घरात सुख नाही’ असे सुनेने म्हटले, तर घरात आग लागायची. पण सीतामाईच्या वनवासाची ओवी गायली, तर कोण काय बोलणार? सीता सगळ्यांचीच आई. निर्दोष असून घराबाहेर काढलेली सीता, रानात एकटी बाळंत झालेली सीता, अशा ओव्या महाराष्ट्राच्या गावोगाव मिळतात. गाणारी सीतेचे दुःख गाई आणि त्याच्या आडून आपले सांगे. ऐकणाऱ्या जावेला ते कळे, सासूलाही कळे, कारण तीही कधी सून होती. कोणी कोणाला काही म्हणत नसे.

हे सगळे मी कल्पनेने सांगत नाही. या ओव्या माणसांनी कष्टाने गोळा केल्या आहेत. साने गुरुजींनी १९४० च्या सुमारास ‘स्त्रीजीवन’ या नावाने ओव्यांचा मोठा संग्रह काढला. पुढे डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीमार्फत खंडामागून खंड प्रसिद्ध केले. सर्वांत मोठे काम मात्र पुण्याच्या हेमा रायरकर आणि मूळचे फ्रान्सचे, पण पुण्यात स्थायिक झालेले गी पॉतवाँ यांनी केले. पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागात गरिबांच्या संघटनेचे काम करताना, बैठकांना येणाऱ्या बाया मनातले सांगू लागल्या की ओवीवर येत, हे त्यांच्या ध्यानात आले. १९८० नंतरच्या वर्षांत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या. संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या कित्येक ध्वनिमुद्रित केल्या. पॉतवाँ २००४ मध्ये गेले, रायरकर २०१० मध्ये गेल्या. परंतु २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने त्या ओव्या सर्वांना ऐकावयास खुल्या केल्या आहेत. त्यांत आपल्या मराठवाड्याचाही वाटा आहे. परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांचा आवाज १९९६ मध्ये मुद्रित झाला. त्यांनी गायलेला सीतेचा वनवास शिक्षकांनी मुलांना एकदा तरी ऐकवावा.

बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर गायलेल्या ओव्याही या संग्रहात आहेत. ज्या चालीत पिढ्यान्‌पिढ्या दुःख सांगितले, त्याच चालीत त्यांनी अभिमान सांगितला. म्हणजे ओवी ही नुसती रडण्याची जागा नव्हती. माणूस ताठ उभा राहू लागला, तशी ओवीही ताठ उभी राहिली.

शेजारच्या खानदेशातले उदाहरण तर सर्वांना ठाऊक आहे. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० चा, जळगावजवळच्या आसोद्याचा. तिशीच्या आसपास वैधव्य आले. लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात काम करता करता, घरोटावर दळता दळता त्यांनी गाणी रचली. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. मुलगा सोपानदेव आणि एक नातलग यांनी त्यांतली काही टिपून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई वारल्या आणि पुढच्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या आग्रहाने ती गाणी पुस्तकरूपाने निघाली. आपण त्यांना थोर कवयित्री म्हणतो, ते योग्यच आहे. परंतु ती गाणी रचली गेली तेव्हा समोर वाचक नव्हता आणि कीर्तीचा हिशेब नव्हता. एका तरुण विधवेने आपले दुःख स्वतःलाच समजावून सांगितले, आणि ते समजावणे इतके खरे होते की नंतर लाखो लोकांना ते आपलेच वाटले.

आता थोडे परदेशाकडे पाहू. ‘आर्ट थेरपी’ हा इंग्रजी शब्द रूढ केला तो एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने. १९३८ मध्ये त्याला क्षयरोग झाला आणि मिडहर्स्ट येथील आरोग्यधामात पडून राहावे लागले. त्या काळी क्षयावर हमखास औषध नव्हते. महिनोन्‌महिने खाटेवर पडून माणूस मनानेच खचत असे. हिलने खाटेवर बसल्या बसल्या समोरच्या साध्या वस्तू चितारायला सुरुवात केली आणि आपले मन त्यामुळे सावरते, हे त्याच्या ध्यानात आले. मग त्याने इतर रोग्यांना, युद्धातून जखमी होऊन आलेल्या सैनिकांना चित्रे काढायला शिकवले. १९४२ मध्ये त्याने या कामाला नाव दिले आणि १९४५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले.

त्याच वर्षांत युरोपच्या दुसऱ्या टोकाला याहून भीषण परिस्थितीत हेच काम चालले होते. फ्रीडल डिकर-ब्रांडाइस ही ज्यू चित्रकार बाई. १९४२ च्या डिसेंबरात नाझींनी तिला तेरेझीनच्या छावणीत धाडले. बरोबर मोजकेच सामान नेता येई. तिने रंग आणि कागद नेले. छावणीतल्या मुलांना ती चित्रे काढायला लावी आणि प्रत्येकाला चित्रावर आपले नाव लिहायला सांगे. छावणीत माणसाचा आकडा होतो. चित्रावर तो पुन्हा माणूस होई. १९४४ च्या ऑक्टोबरात तिला आउश्वित्झला नेऊन मारण्यात आले. तिने मागे ठेवलेल्या दोन पेट्यांत सुमारे साडेचार हजार चित्रे निघाली. ती काढणारी बहुतेक मुले जगली नाहीत. तिची एक शिष्या, इडिथ क्रेमर, आधीच अमेरिकेत पोहोचली होती. तिने पुढे मुलांसाठीच्या कलोपचाराचा पाया घातला.

वॉर्सात यानुश कोर्चाक नावाचे डॉक्टर अनाथ मुलांचे घर चालवीत. १९४२ च्या जुलैत त्यांनी आपल्या मुलांकडून एक नाटक बसवून घेतले. कोणते? रवींद्रनाथ ठाकूरांचे ‘डाकघर’. खिडकीशी बसून राजाच्या पत्राची वाट पाहणाऱ्या आजारी अमलची ती कथा. काही आठवड्यांतच त्या मुलांना आणि त्यांना सोडून जाण्यास नकार देणाऱ्या कोर्चाकांना मृत्यूच्या छावणीत नेण्यात आले. कलेने त्यांचे प्राण वाचले नाहीत. मात्र उरलेले दिवस त्यांना माणसासारखे जगता आले.

आक्षेप घेणाऱ्या माझ्या मित्राला मी एवढेच विचारतो, की जनाबाई, बहिणाबाई, क्षयरोगी हिल, तेरेझीनची मुले, यांतले पोट भरलेले कोण होते?

गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांनीही या गोष्टीची पारख केली आहे. अमेरिकेत पेनबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने काही विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आपल्या आयुष्यातल्या सर्वांत त्रासदायक गोष्टीविषयी लिहायला लावले. लिहून झाल्या झाल्या त्यांना बरे वाटले नाही. उलट मन अधिकच जड झाले. पण पुढच्या काही महिन्यांत घटना आणि भावना दोन्ही मोकळेपणाने लिहिणारे विद्यार्थी इतरांच्या मानाने दवाखान्यात कमी वेळा गेले. २०१६ मध्ये फिलाडेल्फियाच्या ड्रेक्सेल विद्यापीठात डॉ. गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ प्रौढांना पाऊण तास हवे ते चित्र, चिकटकाम, मातीकाम करू दिले. त्यांतल्या सुमारे पाऊणशे टक्के लोकांच्या लाळेत ताण दाखवणारे द्रव्य कमी झालेले आढळले. आणि ध्यानात घ्या, कलेचा सराव असलेल्यांना अधिक फायदा झाला असे दिसले नाही. हे प्रयोग लहान आहेत. त्यांवर डोंगर रचू नये. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला आणि आजार टाळण्यात, मन निरोगी राखण्यात आणि उपचारांना साथ देण्यात कलेचा उपयोग होतो, असा निर्वाळा दिला. वर सांगितलेल्या चार गोष्टींतल्या तिसरीचा अर्थ आता उलगडतो. जात्यावर ‘चांगली’ ओवी गाण्याची सक्ती नव्हती, आणि प्रयोगशाळेतही हस्तकौशल्याला महत्त्व आले नाही.

मग ही रीत मोडली कशी? उत्तर सोपे आहे. गावात पिठाची गिरणी आली. आधी तेलाच्या इंजिनावर, मग वीज आल्यावर विजेवर. पाच शेर दळायला जो वेळ लागे, तो काही मिनिटांवर आला. बायांनी जाते उचलून कोपऱ्यात ठेवले, आणि अगदी बरोबर केले. गिरणी ही बाईच्या खांद्यांना मिळालेली सुटका आहे. जाते परत आणा, असे म्हणणाऱ्याने आधी महिनाभर स्वतः दळून पाहावे.

पण दगडाबरोबर आणखी एक गोष्ट गेली, आणि ती गेल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही. पहाटेचा तो आडोसा गेला. मन मोकळे करण्याची वेळ, जागा, चाल आणि ऐकणारी जाऊ, हे सारे गेले. पुरुषांचेही तसेच झाले. विहिरीवर मोट हाकताना गाणी होती, सुगीत भलरी होती. मोटेच्या जागी विजेचा पंप आला, कापणीला यंत्र आले. कष्ट कमी झाले ते उत्तमच झाले. परंतु चार माणसांनी एका सुरात तोंड उघडण्याचा प्रसंग उरला नाही. आता शेतकरी एकटाच पंपाचे बटण दाबायला रात्री शेतात जातो आणि एकटाच परत येतो.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. आपल्या मराठवाड्यात गेल्या तीन दशकांत हजारो शेतकऱ्यांनी आपले जीवन संपवले. त्याची कारणे कर्जात, पावसात, बाजारभावात आहेत. गाणे गाऊन कर्ज फिटत नाही, आणि तसे सांगणारा माणूस लबाड तरी असेल किंवा अजाण तरी. ओवीनेही बाईचे दुःख हलके केले, पण दुःखाचे कारण हलवले नाही. कित्येक ओव्यांत तर सोसण्याचाच उपदेश आहे. कारणे हलवावयाची तर शाळा लागते, कायदा लागतो, संघटना लागते, सरकार लागते. मग कलेचा उपयोग काय? तो एवढाच, की कारणे दूर होईपर्यंत माणूस आतून मोडू नये. आणि ज्याने आपले दुःख एकदा तोंडाने उच्चारले, त्यालाच त्यावर काही करण्याचे सुचते. पुणे जिल्ह्यातल्या त्या बायांच्या बैठकीत ओवी आली, ती संघटनेच्या कामातूनच आली, हे याचे प्रत्यंतर आहे.

प्रश्न किती मोठा आहे, तेही पाहू. बारा राज्यांत २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी झाली. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, पण शेजारचे गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड होते. शंभर प्रौढांपैकी दहा-अकरा जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि निरनिराळ्या आजारांत सत्तर ते ब्याण्णव टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते, असे त्या पाहणीत आढळले. म्हणजे मनोविकारतज्ज्ञ गावोगाव पोहोचायला अजून अवकाश आहे. तोपर्यंत आपल्या हाती काय आहे?

या ठिकाणी मला शिक्षकांशी बोलावयाचे आहे. गुरुजी, बाई, तुमच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास आहे. परीक्षा जवळ आली की तो गणिताला जातो, हे मला ठाऊक आहे. माझी विनंती अशी, की आठवड्यातून एक तास तरी तो जात्यासारखा चालवून पाहा. वेळ आणि जागा ठरलेली असावी. विषय मोकळा असावा, पण साचा सोपा द्यावा: ‘माझे घर पावसात’, ‘रात्रीचे शेत’, ‘जो माणूस मला आठवतो तो’. हातांना काम मिळावे. माती चालेल, कोळसा चालेल, शेणा-गेरूने सारवलेली भिंत चालेल. पूर्णा आणि केळना या नद्यांच्या काठी वसलेल्या आपल्या जाफराबादेत मातीला पैसे पडत नाहीत. गुण देऊ नयेत, आणि कोणाचे चित्र सर्वांत छान हेही सांगू नये. रेखाकलेच्या सरकारी परीक्षा जरूर असाव्यात, पण हा तास निराळा. मूल बोलले तर ऐकावे. नाही बोलले तर ‘याचा अर्थ काय?’ म्हणून खोदून विचारू नये, आणि काळा रंग दिसला म्हणून लगेच निदानही करू नये. सीतेच्या आडून बोलणाऱ्या सुनेला जावेने कधी ‘हे तुझंच ना?’ असे विचारले नाही. तिने नुसता खुंट्याला आणखी एक हात लावला. शिक्षकानेही तेवढेच करावे.

ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घरातले मूल वर्गात बसलेले असते. ते खोडी काढत नाही, रडत नाही, म्हणून ते बरे आहे असे आपण समजतो. अशा मुलाला या एका तासाची सर्वांत अधिक गरज असते.

मोठ्यांसाठी गावात अजूनही जागा आहेत. भजनी मंडळ आहे, पंचमीची फुगडी आहे, लग्नातल्या हळदीच्या ओव्या आहेत, बचतगटाची बैठक आहे. बचतगटाच्या बैठकीत हिशेब संपल्यावर म्हाताऱ्या बाईला म्हणावे, “आजी, एक ओवी म्हणा.” आणि शेजारच्या मुलीने ती वहीत उतरवून घ्यावी. आजींचे मन मोकळे होईल, मुलीला चाल कळेल, आणि इतिहासाला एक साधन मिळेल. निजामी अमदानीतल्या आपल्या मुलखात सामान्य बाईच्या आयुष्याचे कागद फारसे निघत नाहीत. तिचा दस्तऐवज तिच्या ओवीतच आहे, आणि जात्यावर प्रत्यक्ष दळलेल्या पिढीतल्या बाया आता थोड्याच उरल्या आहेत.

शेवटी मर्यादेची गोष्ट. कोणी झोप हरवून बसला असेल, जेवण टाकले असेल, ‘आता जगून काय करू’ असे बोलू लागला असेल, तर तेथे ओवी, भजन किंवा चित्र यांवर थांबू नये. त्याला एकटे सोडू नये. जिल्हा रुग्णालयात नेऊन डॉक्टरांना दाखवावे. सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात ‘टेली-मानस’ नावाची दूरध्वनी सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६. ती रात्रंदिवस चालते, तिला पैसे पडत नाहीत आणि मराठीतून बोलता येते. हा क्रमांक शाळेच्या फळ्याच्या कोपऱ्यात आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवावा. जनाबाईंना ऐकणारा हवा होता, तसा तो प्रत्येकालाच हवा असतो. ऐकणारा दूर शहरात बसलेला असला तरी चालतो, पण तो असला पाहिजे.

आपण दगडी जाते गिरणीवर सोपवले, ते ठीक झाले. ऐकण्याचे काम मात्र कोणत्याही गिरणीवर सोपवता येत नाही. ते घरातल्या माणसाने, शेजाऱ्याने आणि गुरुजींनीच करावयाचे आहे.